घुबडाच्या पिसांवरील लव आणि पंखाचा रव

घुबड आवाज न करता उडते, ही गोष्ट रात्री खळ्यावर राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्यासही नवी नाही. तथापि या निःशब्दतेचे अवयवशः विवेचन झाले ते १९३४ साली. रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आर. आर. ग्रॅहम यांनी घुबडाच्या पंखाची तीन वैशिष्ट्ये नोंदविली : पुढील धारेवरची फणी, मागील धारेवरची झालर आणि पिसांवरची मखमली लव. ही तिन्ही नावे रूपावरून पडलेली आहेत, कार्यावरून नव्हे. कार्य सांगू शकेल अशी परिभाषाच तेव्हा सिद्ध झालेली नव्हती.

ती परिभाषा आली निराळ्याच वाटेने. जेट विमानांच्या झोताचा प्रश्न समोर असताना जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये संक्षुब्ध प्रवाहातून ध्वनी कसा निर्माण होतो याचा गणिती सिद्धान्त मांडला. मोकळ्या प्रवाहातील भोवऱ्यांचा ध्वनी वेगाच्या ८ व्या घाताने वाढतो. म्हणजे वेग निम्मा केल्यास ध्वनिशक्ती २५६ पटींनी घटते. या हिशेबाने मंदगती पंख जवळजवळ मुकाच असावयास हवा. परंतु अनुभव तसा नाही. कर्ल यांनी १९५५ मध्ये प्रवाहातील घन पृष्ठभागाचा विचार केला, तेव्हा घात ६ वर आला. पुढे १९७० मध्ये फौक्स विल्यम्स आणि हॉल यांनी दाखविले, की भोवरा तीक्ष्ण धारेच्या अगदी निकट असल्यास हा घात केवळ ५ असतो. वेग निम्मा करूनही येथे घट ३२ पटींचीच. मंद वेगात धारच मुख्य अपराधी ठरते, ती यामुळे.

याची प्रक्रिया अशी : पंखाला लागून वाहणाऱ्या सीमास्तरात असंख्य भोवरे असतात. त्यांच्यामुळे होणारे दाबाचे चढउतार पृष्ठभाग अखंड आहे तोवर फारसे दूर पोचत नाहीत. पृष्ठभाग जेथे एकाएकी संपतो तेथे ते विखुरतात व ध्वनिरूपाने बाहेर पडतात. भोवरा धारेपासून जितका दूर, तितका हा परिणाम झपाट्याने क्षीण होतो.

झालरीचे कोडे यामुळे प्रथम सुटले. हाउ यांनी १९९१ मध्ये करवती दात्यांच्या धारेचा सिद्धान्त दिला. त्याने वर्तविलेली घट प्रत्यक्ष मोजमापांहून बरीच मोठी होती, हे नमूद केले पाहिजे. तरीही दाते पत्र्यातून कापता येतात, आणि अनुकरणात सोपी वस्तू आधी उचलली जाणे स्वाभाविकच. २.३ मेगावॉटच्या एका पवनचक्कीच्या पात्यांवर असे दाते बसवून ओर्लेमान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ३.२ डेसिबल घट मोजली. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

लव मात्र दीर्घकाळ मागे राहिली. व्हर्जिनिया टेक येथील क्लार्क, डेव्हनपोर्ट प्रभृती संशोधकांनी केंब्रिज व अन्य विद्यापीठांतील सहकाऱ्यांसह तिच्याकडे पुन्हा लक्ष वळविले. लवेचे तंतू पिसाच्या पृष्ठभागावर उभे राहून वरच्या टोकाशी प्रवाहाच्या दिशेने वळलेले असतात, जणू पृष्ठभागावर विरळ छतच. या छताचे अनुकरण प्रथम पृष्ठभागापासून किंचित उंचावर ताणलेल्या कापडाने करण्यात आले. त्यातून पुढे मागील धारेजवळ, प्रवाहाच्या दिशेत, एकमेकांना समांतर अशा बारीक उभ्या पट्ट्या बसविण्याची कल्पना निघाली. २०१७ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या निबंधानुसार वातविवरातील प्रयोगांत धारेचा रव १० डेसिबलपर्यंत कमी झाला. येथे धारेचा आकार बदललेला नाही. धारेपर्यंत येणारा प्रवाहच बदललेला आहे. दात्यांच्या उपायाहून हा उपाय तत्त्वतःच वेगळा होय.

घुबडाच्या बाबतीतील वाद मात्र मिटलेला नाही. २०२० मध्ये क्रिस्टोफर क्लार्क (उपरोक्त क्लार्क हे नव्हेत) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पक्ष मांडला, की पिसावर पीस घासल्याने होणारा आवाज शमविणे हेही लवेचे कार्य असू शकते. पवनचक्कीच्या पात्यावर पिसे नसतात. त्यामुळे तेथील पट्ट्यांचे यश या वादात कोणत्याच पक्षाची साक्ष देत नाही.