केकवरची अखंड साखर

केकवर लाटलेल्या साखरेची एकच अखंड पोळी पसरायची ही कल्पना वाटते त्यापेक्षा बरीच नवी आहे. माल मात्र जुना. १५५५ साली व्हेनिसमध्ये आलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने छापलेल्या पुस्तकात साखर आणि डिंक मळून ताटल्या नि पेले करण्याची कृती आहे. जेवण झालं की ही भांडीही खाऊन टाकायची!

लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा असा दुहेरी थर देण्याची रीत एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ साली मँचेस्टरमध्ये छापली. अंड्याच्या पांढऱ्या भागात फेटलेली ही साखर पुढे रॉयल आइसिंग झाली. व्हिक्टोरिया राणीच्या १८४०च्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा होता आणि त्याचा घेर ३ यार्ड होता. एवढ्या मोठ्या केकलाही रॉयल आइसिंगची अडचण नसते, कारण ते तुकड्यातुकड्याने लावता येतं. आधी वरची बाजू, मग कडा. एक थर वाळला की दुसरा. वेळ मात्र दिवसांच्या हिशेबात जातो, आकार गोल किंवा चौकोनी असलेला बरा, आणि शेवटी दातांची परीक्षा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश सरकारने भाजलेल्या केकवर साखर चढवायलाच बंदी केली. मग लग्नघरं पुठ्ठ्याचा पांढरा, मजल्यांचा डोलारा भाड्याने आणू लागली. आत जेमतेम एक छोटा केक. या प्रवासातला सर्वांत प्रामाणिक टप्पा मला हाच वाटतो. शोभा वेगळी, खाणं वेगळं.

लाटायची साखर रुळली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ऑस्ट्रेलियात. तिथे तिला प्लास्टिक आइसिंग म्हणत. पिठीसाखरेत जिलेटिन घातलं की ताण सोसण्याची ताकद येते, ग्लुकोजमुळे साखर पुन्हा खडे धरत नाही आणि ग्लिसरीन ओलावा राखतं. १९८०च्या दशकात ब्रिटनने ती उचलली आणि केकच्या धारदार कडा गोलसर झाल्या. आज फॉन्डंट म्हणून सर्रास ओळखतात तो हाच. एक्लेअरवर ओततात तो फॉन्डंट निराळा. तो पाक घोटून करतात.

अखंड पोळीची हौस छोट्या केकवर सहज भागते. १२ इंच व्यासाच्या, ४ इंच उंच केकला निदान २० इंचांची पोळी लागते. हाताशी २२ असलेली बरी. केक १८ इंचांचा झाला की पोळी उचलतानाच आपल्या वजनाने ताणते आणि वरच्या कडेवर फाटू शकते. लाटायला वेळ लागला तर पृष्ठभाग सुकून बारीक भेगा पडतात. बेकर मंडळी त्याला ‘एलिफंट स्किन’ म्हणतात. खाली जमणाऱ्या चुण्या दाबायच्या नसतात. पोळीचा घेर हलकेच बाहेर ओढून त्या उकलायच्या आणि मग हाताने वरून खाली चिकटवत यायचं. चौकोनी केकचे कोपरे आधी बसवतात, कारण फाटतं तिथेच. हृदयाच्या आकारात आधी मधली खाच. आणि आठच्या आकड्यातली भोकं? तिथे एकाच पोळीचा हट्ट धरू नये.

म्हणून अनुभवी हात वरचा तुकडा वेगळा कापतात, बाजूची लांब पट्टी गुंडाळून आणून केकभोवती उलगडतात आणि सांधा मागे ठेवतात. मजल्यांच्या केकमध्ये प्रत्येक मजला आधी झाकून मग रचतात. म्हणजे फॉन्डंट फिरून रॉयल आइसिंगच्याच जुन्या रीतीवर आला. याला कोणी लबाडी म्हणेल; मला हे शहाणपण वाटतं. सांधा न दिसणं ही कारागिरी, सांधा नसणं ही नुसती हौस.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, म्हणून शाकाहारी फॉन्डंटमध्ये टायलोज नावाची पूड किंवा अगर वापरतात. दुसरी अडचण व्हिप्ड क्रीमची. त्याच्या ओलाव्याने फॉन्डंट पाघळतो, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत फ्रिजमधून काढलेल्या केकला घामही फुटतो. तेव्हा मोठा किंवा विचित्र आकाराचा केक सांगताना फॉन्डंटखाली चॉकलेटचा घट्ट गनाश लावायला सांगा आणि मागच्या बाजूला सांधा दिसला तर केकवालीशी भांडू नका.