राखीव प्रतीची परीक्षा

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. ग्रिनिचच्या घड्याळात साडेअकराचा सुमार, म्हणजे आपल्याकडे १ फेब्रुवारीचे पहाटेचे पाच वाजलेले. गिटलॅब या कंपनीचा एक तंत्रज्ञ दिवसभराच्या कामाने थकून अजून संगणकासमोरच बसला होता. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवतात. कोणाचे खाते कोणते, प्रकल्प कोणाचा, त्यावर कोणी काय शेरा मारला, याची नोंद पोस्टग्रेस नावाच्या प्रणालीत एका प्रचंड वहीत होत असे. या वहीला डेटाबेस म्हणतात.

वही एका मुख्य सर्व्हरवर असे, आणि दुसऱ्या सर्व्हरवर तिची नक्कल क्षणोक्षणी उतरत राही. त्या संध्याकाळी कामाचा भार एकाएकी वाढला, नक्कल मागे पडली आणि शेवटी तुटलीच. आता दुसऱ्या सर्व्हरवरचे जुने सारे पुसून नक्कल पुन्हा पहिल्यापासून उतरवणे भाग होते. त्यासाठी जी आज्ञा तंत्रज्ञाने दिली, ती काहीच न बोलता थांबून राहिली. वास्तविक ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती. पण तसे तिने पडद्यावर सांगितले नाही. जुन्या फायलींची अडचण होत असावी, असे तंत्रज्ञाला वाटले आणि त्याने त्या पुसण्याची आज्ञा टंकली. कमांड लाइनवर ही आज्ञा सक्तीच्या खुणेसह दिली, की ‘खरेच पुसू का?’ असे संगणक विचारीत नाही. दोन सर्व्हरांच्या नावांत फरक होता तो एका आकड्याचा. एकदोन सेकंदांतच चूक त्याच्या ध्यानी आली आणि त्याने आज्ञा थांबवली. परंतु आज्ञा मुख्य सर्व्हरवर गेली होती आणि सुमारे ३०० गिगाबाईट मजकूर नाहीसा झाला होता.

येथवर ही एका थकलेल्या माणसाची चूक आहे, आणि तशी ती आपणां कोणाच्याही हातून घडेल. इतिहासाला खरा विषय यापुढे सापडतो. राखीव प्रती कोठे आहेत, याचा शोध सुरू झाला. रोज एकदा संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून ती दूरच्या भांडारात ठेवावी, अशी व्यवस्था होती. भांडार उघडले, तो ते रिकामे! प्रत काढणारे साधन ९.२ या आवृत्तीचे चालवले जात होते आणि डेटाबेस होता ९.६ चा, म्हणून ते दर वेळी चूक दाखवून थांबे. ही चूक कळवणारी पत्रेही निघत होती. पण त्यांवर प्रेषकाची आवश्यक ती सही नसल्यामुळे पत्रपेटी ती नाकारीत असे. पहारेकरी हाक मारीत होता आणि हाक दारातच अडत होती. सर्व्हर ज्या कंपनीकडून भाड्याने घेतले होते, तिच्याकडे डिस्कचे चित्र घेण्याची सोय होती. ती इतर सर्व्हरांसाठी चालू केलेली, पण डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी नव्हे. आणि नक्कल तर त्याच संध्याकाळी पुसली गेली होती. माझ्या मते त्या रात्रीचा अपघात आधी कधीच घडून गेला होता. त्या रात्री तो दिसला एवढेच.

तरले ते योगायोगाने. त्याच तंत्रज्ञाने सुमारे सहा तासांपूर्वी, वेगळ्याच एका प्रयोगाकरिता, ताजी प्रत हवी म्हणून आपल्या हाताने डेटाबेसचे चित्र घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर ठेवले होते. ज्या हाताने वही पुसली, त्याच हाताने ती राखलीही होती. मात्र चाचणीचा सर्व्हर स्वस्तातला, त्याच्या डिस्का मंद. नुसते परत उतरवून घेण्यातच सुमारे अठरा तास गेले. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम वेगळ्या ठिकाणी होते, ते बचावले. पण मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच शेरे आणि ७०० च्या आसपास नवी खाती कायमची गेली.

या सबंध काळात कंपनीने आपली कामाची टिपणवही जगाला उघडी ठेवली आणि दुरुस्ती चालू असताना तिचे थेट प्रक्षेपणही केले. हजारो लोक पाहत होते. पराभवाची हकिकत पराभूतानेच, प्रसंग चालू असताना लिहिलेली इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच मिळते. १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल निघाला. त्यात तंत्रज्ञाचे नाव नाही, व्यवस्थेतली छिद्रे मात्र एकेक करून मोजली आहेत. राखीव प्रत परत उतरवून पाहण्याची तालीम आपोआप होत राहावी, असे त्यात ठरले. कोणता सर्व्हर कोणता, हे पडद्यावर ठळक दिसावे, हेही ठरले.

एक बारीकशी गोष्ट राहिली. वही पुन्हा उघडण्यापूर्वी तिच्यातले सर्व चालू क्रमांक एक लाखाने पुढे ढकलण्यात आले. हरवलेल्या सहा तासांत कोणाला जो क्रमांक मिळाला असेल, कोणी तो टिपूनही ठेवला असेल, तो दुसऱ्या कोणाच्या नोंदीला पुन्हा दिला जाऊ नये म्हणून.