स्वँक आहार

स्वँक आहार : मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या विकाराचा वेग मंदावावा म्हणून सुचविण्यात आलेली अल्पस्निग्ध आहारपद्धती. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ रॉय स्वँक (१९०९–२००८) यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यास मांडली. एमएससाठी सुचविलेल्या पथ्यांपैकी ही सर्वांत जुन्या व परिचित पद्धतींपैकी एक होय.

विकाराचे स्वरूप : एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू व दृष्टीच्या चेतातंतूंवरील मायलिन या आवरणाची हानी करते. दृष्टी अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे व विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची लक्षणे. बहुतेक रुग्णांत सुरुवातीची काही वर्षे लक्षणे उफाळतात आणि काही आठवड्यांनी ओसरतात. हा चढउतार औषधपथ्याविनाही होत असल्याने कोणत्याही पथ्याचा गुण जोखणे अवघड जाते.

उगम : नॉर्वेत किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांपेक्षा आतील, दूधदुभत्यावर जगणाऱ्या शेतकरी भागांत एमएसचे प्रमाण जास्त आढळते, असे स्वँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नोंदविले. प्राणिज मेद आणि हा विकार यांचा संबंध असावा, या तर्कावरून त्यांनी कॅनडातील माँट्रिऑल येथे रुग्णांना अल्पस्निग्ध आहार देण्यास सुरुवात केली होती. पुढे अमेरिकेतील पोर्टलंड येथे त्यांनी हे काम दीर्घकाळ चालविले.

नियम : दिवसभरात संपृक्त मेद १५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असंपृक्त तेल २० ते ५० ग्रॅम घ्यावे. पहिले वर्षभर लाल मांस पूर्ण वर्ज्य, त्यानंतर आठवड्यातून सुमारे ८५ ग्रॅम चालते. दूध व दही साय काढलेले असावे. पांढरे मासे, कातडी काढलेली कोंबडी, धान्ये, फळे व भाज्या यांना मुभा आहे. कॉड माशाच्या यकृताचे तेल रोज घ्यावे, असा सल्ला आहे. मराठी स्वयंपाकाच्या मापात सांगायचे, तर मोठा चमचाभर तुपात संपृक्त मेद सुमारे ८ ग्रॅम असतो. ओल्या नारळाच्या ५० ग्रॅम खवात दिवसाची जवळजवळ सगळी मर्यादा संपते.

निष्कर्ष व आक्षेप : १४४ रुग्णांच्या ३४ वर्षांच्या नोंदी स्वँक यांनी १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केल्या. दिवसाला २० ग्रॅमपर्यंत मेद घेणाऱ्यांत अपंगत्वाची वाढ व मृत्यू, दोन्ही कमी आढळले. मात्र अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. तुलना पथ्य पाळलेले व न पाळलेले यांच्यातच होती. ज्यांचा विकार मुळात सौम्य, त्यांनाच पथ्य निभावले असण्याची शक्यता त्यामुळे उरते.

आयोवा विद्यापीठातील एका चाचणीत स्वँक आहाराची तुलना टेरी वॉल्स यांच्या आहाराशी करण्यात आली. वॉल्स स्वतः डॉक्टर व एमएसच्या रुग्ण आहेत. त्यांच्या पथ्यात मांस चालते, पण धान्ये, कडधान्ये व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांचा थकवा कमी झाला. मात्र नेहमीचे जेवण चालू ठेवलेला तिसरा गट नसल्याने हा गुण पथ्याचा किती, हे ठरविता आले नाही.

पथ्य पाळण्यातील अडचणी : बाहेरच्या व तयार खाद्यपदार्थांतील मेदाचा अंदाज येत नसल्याने बरेचसे जेवण घरीच शिजवावे लागते, आणि थकवा हेच लक्षण असलेल्या माणसाला नेमके तेच जड जाते. घरात दोन प्रकारचे अन्न रांधावे लागते, सणासमारंभाला पंगतीत बसूनही वेगळे खावे लागते. वजन घटू शकते. अनेक पदार्थ एकदम वगळल्यास प्रथिने, कॅल्शियम, लोह व ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव निर्माण होऊ शकते. मानसिक ताण वेगळाच. विकार उफाळला की रुग्ण चार दिवसांपूर्वी खाल्लेल्या एका घासाला दोष देतो, नातेवाईकही ‘पथ्य मोडलं असेल’ म्हणतात. प्रत्यक्षात तो उफाळा विकाराच्या स्वभावाचा भाग असू शकतो.

सद्यस्थिती : स्वँक यांनी काम सुरू केले तेव्हा विकाराची वाटचाल बदलणारे मान्यताप्राप्त औषध नव्हते. असे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा-१बी, अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले. त्यानंतर अनेक प्रभावी औषधे आली. कोणत्याही विशिष्ट आहाराने एमएस बरा होतो किंवा निश्चितपणे आटोक्यात राहतो, असे सिद्ध झालेले नाही. भाज्या, फळे, मासे यांवर भर आणि संपृक्त मेद कमी, एवढे पथ्य हृदयासाठीही हितकर असते. त्याहून कडक आहार घ्यायचा झाल्यास तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व औषधांच्या जोडीने घ्यावा. औषधाऐवजी घेऊ नये.