बोम्बा भात: कमी उत्पादन, जास्त दर आणि करप्याचे संकट

बोम्बा हा स्पेनमधील आखूड, गोलसर दाण्याचा पारंपरिक भात वाण असून तो जॅपोनिका गटात मोडतो. व्हॅलेन्सियाजवळील अल्बुफेरा सरोवराचा परिसर, एब्रो नदीचा त्रिभुज प्रदेश आणि मुर्सिया भागातील कालास्पारा येथे त्याची प्रामुख्याने लागवड होते.

दाण्याचे वैशिष्ट्य
त्याच भागातील सेनिया व बाहिया या वाणांच्या तुलनेत बोम्बात अमायलोजचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे शिजताना दाणा दोन ते तीन पट फुगतो, पण सहसा फुटत नाही आणि भात मोकळा राहतो. एक माप तांदळाला सुमारे तीन मापे रस्सा लागतो. ‘पाएया’ या स्पॅनिश पदार्थासाठी हाच गुण महत्त्वाचा असल्याने बोम्बाला इतर वाणांपेक्षा चांगला दर मिळतो.

लागवड व उत्पादन
व्हॅलेन्सियात मे महिन्यात भिजवलेले बियाणे पाणी भरलेल्या खाचरात थेट फोकून पेरतात. सप्टेंबरमध्ये कापणी सुरू होते. कालास्पारात सेगुरा नदीच्या वाहत्या पाण्यावर पीक घेतले जाते. बोम्बाची झाडे उंच वाढतात आणि वारा-पावसात सहज लोळतात. नत्र जास्त झाल्यास लोळण्याचे प्रमाण आणखी वाढते. उत्पादन सुधारित वाणांच्या साधारण निम्म्याच्या आसपास मिळते.

करपा: मुख्य अडचण
हा वाण करपा रोगाला अतिशय बळी पडतो. लोंबीच्या मानेवर करपा आल्यास दाणे भरत नाहीत व लोंब्या पळंज राहतात. पूर्वी ट्रायसायक्लाझोलचा मोठा आधार होता. युरोपीय संघात आता त्याला मान्यता नाही. २०१७ च्या नियमाने तांदळातील त्याच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. भारतीय बासमतीच्या निर्यातीलाही याच नियमाचा फटका बसला. बोम्बाचे उत्पादन घटल्यास केवळ चांगल्या दरावर शेतीचा खर्च निघणे कठीण होते.

संकरातून मार्ग काढण्याचा प्रयत्नही झाला आहे. व्हॅलेन्सियातील भात संशोधकांनी बोम्बा व सेनिया यांच्या संकरातून ‘अल्बुफेरा’ हा वाण विकसित केला.

आपल्यासाठी बोध
बोम्बाचे बियाणे आणून लावण्याची शिफारस नाही. मात्र आंबेमोहरसारखे उंच, लोळणारे व दर्जासाठी मागणी असलेले वाण घेणाऱ्यांनी पुढील बाबी पाळाव्यात:

- नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवू नये आणि ती विभागून द्यावी.
- निरोगी शेतातील बियाणे वापरावे व पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करावी.
- पोटरी ते निसवण्याच्या काळात पिकाची नियमित पाहणी करावी.
- एकाच गटातील बुरशीनाशक पुन्हा पुन्हा फवारू नये.
- माल निर्यातीसाठी द्यायचा असल्यास खरेदीदार देशाची अवशेष मर्यादा फवारणीपूर्वीच विचारून घ्यावी.

दर्जेदार वाणाला चांगला दर मिळतो, पण रोगनियंत्रण एकाच औषधावर अवलंबून ठेवल्यास तो वाणच धोक्यात येतो.