३८ अंशांत माणसं मरतात कशी?

परवा एका वाचकानं विचारलं, "खारघरला ३८ अंशांत माणसं गेली कशी? आपल्या नगरला (अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं) पारा सहज चाळिशी ओलांडतो." प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा मागचं सांगतो.

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो श्रीसदस्य जमले, बरेच जण आदल्या रात्रीच येऊन बसलेले. व्यासपीठाला छत, समोर उघडं मैदान. कार्यक्रम दुपारपर्यंत लांबला. १४ जणांचा जीव गेला.

पारा ३८च्या आसपासच होता, पण हवा खाडीकाठची, दमट. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो, वाळतो, अंग निवतं. तिकडं घाम नुसता निथळतो, उष्णता अंगातच कोंडते. शिवाय ऊन चढलं की आपला शेतकरी बांधावरच्या लिंबाखाली टेकतो. त्या गर्दीतून उठून माणूस जाणार कुठं?

मग सरकारनं जाहीर केलं, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नाहीत. बरं झालं, पण हा धडा नवा नव्हता. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडाच केला. लोकांना आधी इशारा, प्यायला पाणी, दवाखान्यांची तयारी. शेजारच्या राज्यात दहा वर्षं हे चालू होतं!

आत्ता हे काढायचं कारण आपल्याच जिल्ह्यातलं. रामनवमीला मुंबईहून शिर्डीला पायी पालख्या येतात. चौंडीला अहिल्यादेवींची जयंती ३१ मे रोजी, ऐन उन्हाळ्यात. गावोगावच्या जत्रा वेगळ्याच. मंडप फक्त स्टेजवर का, हे आयोजकांना आपणच विचारायला हवं.

आणि कुणी पडलंच तर? चक्कर, मळमळ, पायात गोळे असतील तर सावलीत न्या, मीठ-साखरेचं पाणी द्या. पण माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात, मग घाम असो वा नसो. कांदा हुंगवत बसू नका, तापाची गोळीही कामाची नाही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नका.