घर तेच, बिल वेगळं

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं आणि ऐन थंडीच्या तोंडावर घरं गरम ठेवणं हा तिथे राष्ट्रीय प्रश्न झाला. नोव्हेंबरमध्ये निक्सननी टीव्हीवरून सांगितलं, थर्मोस्टॅट सहा अंश खाली आणा, दिवसा सरासरी ६८ फॅरनहाइट (म्हणजे आपले २० सेल्सियस) पुरे. फेब्रुवारी १९७७ मध्ये कार्टर चक्क स्वेटर घालून आले. त्यांचा आकडा आणखी खाली : दिवसा ६५, रात्री ५५.

आता प्रश्न असा, की गॅस जाळतं कोण? घर की घरातली माणसं?

याच काळात न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट सोकोलो आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच मोजत होते. आपल्याकडच्या रो-हाउससारखी एका साच्यातली घरं, हवामान एकच, प्रत्येकाची गॅसची भट्टी. तरीही एकसारख्या दोन घरांच्या गॅसमध्ये दुपटीचा फरक निघायचा! रॉबर्ट सोंडरेगर यांनी मग विकल्या गेलेल्या घरांचे आकडे वेगळे काढले. जिथे तीच माणसं राहिली, तिथे जास्त जाळणारे पुढच्या हिवाळ्यातही जास्तच जाळत होते. जिथे कुटुंब बदललं, तिथे घराचा जुना 'स्वभाव' टिकलाच नाही. सवय भिंतीत नव्हती, सामानाबरोबर ट्रकमधून निघून गेली होती.

म्हणजे सगळा दोष माणसांचा? थांबा. त्याच वसाहतीत माळे अपेक्षेपेक्षा गरम सापडले. इन्शुलेशन घातलेलं होतं, पण भिंतींच्या कडेच्या फटींतून गरम हवा त्याला वळसा घालून वर पळत होती. फटी बुजवणं, खिडक्यांना आतून झडपा बसवणं, असे उपाय करून फ्रँक सिंडेन यांनी तिथल्या एका घराची उष्णतेची गरज दोन तृतीयांशांनी कमी करून दाखवली. हा बिल्डरचा बग होता. रहिवाशाने कितीही स्वेटर घातले तरी तो सुटणारा नव्हता.

सवयीमागची समजूत तर आणखी मजेशीर. १९८६ मध्ये विलेट केम्प्टन यांनी दाखवलं की बरेच लोक थर्मोस्टॅटला नळ समजतात, जास्त फिरवला की उष्णता जास्त जोरात येते. साध्या भट्टीच्या बाबतीत हे चूक आहे. थर्मोस्टॅट फक्त चालू-बंद करतो, आपल्या इस्त्रीसारखा. पण गंमत बघा, नळवाले रात्री आठवणीने 'नळ' कमी करायचे आणि गॅस खरंच वाचायचा! उलट, तत्त्व बरोबर समजलेले काही जण म्हणायचे, सकाळी परत तापवण्यात तेवढाच जाईल, कशाला कमी करा? हे चूक. घर जितका वेळ थंड, तितका वेळ बाहेर गळती कमी.

आज मध्य न्यू जर्सीत आपली कितीतरी मराठी मंडळी अशाच टाउनहाउसांत राहतात. बिल जास्त आलं की घरात 'थर्मोस्टॅट कोणी वाढवला?' म्हणून भांडण सुरू होतं. जरूर भांडा. पण आधी माळ्यावर एक चक्कर मारून या.