पान उचलल्यावर

शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही एक उद्योग करायचो. कोऱ्या कागदावर पिंपळाचं पान ठेवायचं, जुना टूथब्रश रंगात बुडवायचा आणि कंगव्यावर घासून शिंतोडे उडवायचे. पान उचललं की तिथे त्याच्या आकाराची पांढरी जागा उरायची. पान नाही, तरी चित्र पानाचंच.

हे आठवायचं कारण एक प्रदर्शन. ऑक्टोबर २०१७मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात जोन मिचेल आणि ज्याँ-पॉल रिओपेल या दोन अमूर्त चित्रकारांचं काम एकत्र मांडलं होतं. सुमारे ६० कलाकृती. पुढे ते टोरांटोला आणि फ्रान्समध्येही गेलं. मी ते पाहिलं फक्त फोनवर, छायाचित्रांतून.

मिचेल शिकागोची, रिओपेल माँट्रियलचा. १९५५मध्ये दोघं पॅरिसला भेटले. लग्न केलं नाही, पण १९७९पर्यंत एकमेकांना धरून राहिले. त्या काळी पॅरिसमध्ये नाव होतं ते त्याचं. १९६२च्या व्हेनिस बिएनालेत त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. तिला पॅरिस शहराचा चित्रकलेचा मोठा पुरस्कार मिळायला १९९१ साल उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. म्हणून जोडीचं प्रदर्शन म्हटल्यावर मला आधी शंकाच आली. मेल्यावरही ती त्याच्या शेजारीच?

शिवाय प्रेमकथा कळली की आपण चित्र पाहायचं सोडतो. हा काळा फटकारा म्हणजे भांडण, तो निळा म्हणजे समेट, असं सुरू होतं.

पण दोघांची चित्रं शेजारी ठेवल्यावर सगळ्यात आधी जाणवतो तो हाताचा फरक. पन्नाशीच्या दशकातला रिओपेल जाडजूड रंग सुरीने थापतो. तुकड्याला तुकडा लागून कॅनव्हास गच्च भरतो, श्वास घ्यायला जागा नाही. मिचेल ब्रशने रंगवते आणि रंगांच्या झटापटीभोवती पांढरं राखते. तिचं पांढरं म्हणजे रंगवायची राहून गेलेली जागा नव्हे. तेही तिने रंगवलेलंच असतं. इतकी वर्षं सोबत काढूनही दोघांनी आपापला हात सोडला नाही. ती त्याची सावली नव्हती, हे मला भिंतीवरच्या मजकुरापेक्षा या पांढऱ्याने जास्त पटवलं.

तरी दोन चित्रांपाशी चरित्र बाजूला ठेवता येत नाही. नातं तुटलं त्या १९७९ साली तिने ‘ला व्ही आँ रोझ’ रंगवलं. चार भागांचं, जवळपास सात मीटर लांबीचं हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. शीर्षक एदित पियाफच्या गाजलेल्या प्रेमगीताचं, आणि चित्रात गुलाबी-जांभळ्याच्या बरोबरीने काळे फटकारे.

दुसरं त्याचं. १९९२मध्ये तिच्या मृत्यूची बातमी कळल्यावर त्याने ३० चित्रांची मालिका केली. तीन भागांची, एकूण ४० मीटरांहून लांब. नाव, ‘रोझा लक्झेंबर्गला मानवंदना’. मिचेलला तो लाडाने, थोडं चिडवत, ‘रोझा मालर’ म्हणायचा. एकोणिसाव्या शतकातल्या रोझा बोनर या चित्रकर्तीच्या नावावरची ती कोटी: फ्रेंचमध्ये बोनर म्हणजे सुख, मालर म्हणजे दुर्दैव. शीर्षकात मिचेल नाही, पण रोझा आहे.

आणि ही मालिका केली कशी? कॅनव्हासवर पक्षी, पानं, घोड्याची नाल अशा वस्तू ठेवायच्या, वरून स्प्रेने रंग मारायचा, वस्तू उचलायची. आमचाच शाळेतला उद्योग! एकेकाळी कॅनव्हासवर बोटभर जागा मोकळी न सोडणारा हा माणूस, ती गेल्यावर गेलेल्या गोष्टींच्या रिकाम्या जागा रंगवत बसला.

ही मालिका आज त्याच क्वेबेकच्या संग्रहालयात आहे. फोनवर ती बोटभर रुंदीची पट्टी दिसते. मी ती मोठी करून हळूहळू सरकवत नेली. एका पक्ष्यापाशी थांबलो. तिथे पक्षी नव्हता.